हळद लागलेली माती

ढेकळावर चार बोटं उमटली होती. अंगठा नव्हता. खिडकीच्या कोनाड्यात, काजळाची डबी आणि फणी यांच्या मधे ते तीन आठवडे वाळत पडलेलं; आणलं तेव्हा काळंभोर, ओलं, आता राखेच्या रंगाचं, कडांना भेगा गेलेलं, पण चार खळगे तसेच... पहिला खोल, शेवटचा नुसता टेकल्यासारखा. उषानं आपली बोटं त्यांत ठेवून पाहिली. सैल बसली. तिचं बाळंतपण काढणाऱ्या गोजरबाईची बोटं जाड होती, तेलानं गुळगुळीत झालेली, आणि पाठीवरून फिरायची तेव्हा तिचं तोंडही बरोबर चालायचं —

"गंगा यंदा बराबर न्हाई, उषाबाई."

असंच म्हणाली होती. गोदावरी कधी म्हणायची नाही, गंगाच. कमरेशी तेल जिरवत होती, आणि उषा पालथी पडून, डोळे मिटून, अर्ध्या झोपेत — बाळंतपणाला चार महिने होऊन गेले होते तरी त्या हातांखाली आलं की अंग अजून सैल पडायचं.

"बराबर नाही म्हणजे काय?"

"खालून आवाज करून राह्यली. पाटा घासल्यावानी. आमचे हे सांगत होते, मळईच्या कडंच्या मुंग्या अंडी घिऊन बाभळीवर चढल्या. मी म्हणते, नंदाला इकडंच घिऊन येते. आठवा लागला तिला. मागच्या कोठीत पडून राहील पोरगी. तुम्हाला काही तकलीफ न्हाई."

मागची कोठी. त्या कोठीत पैलवानांसाठी गव्हाची पोती यायची होती, तुपाचे डबे, बदाम. कुस्त्यांची दंगल म्हणजे आठ दिवस या घरात रोज वीस पानं उठणार, तिचे यजमान बद्रीनाथ दंगलीचे चिटणीस, तेव्हा हे दरवर्षीचंच... आणि उषा हसली होती. हे मात्र तिला स्पष्ट आठवतं, की ती हसली होती, उशीत तोंड ठेवून. "गोजरबाई, तिकडे नाशकाला पाऊस पडला तर नदीला पाणी येतं. मुंग्यांना कोण विचारतं? दंगल होऊन जाऊ द्या. मग आणा नंदाला, खुशाल आणा."

"दंगल झाल्यावर," गोजरबाई म्हणाली होती. बस, एवढंच. हात क्षणभर थांबले होते की नव्हते? पाच दिवस झाले, उषा हेच आठवायचा प्रयत्न करते आहे. कधी ते थांबतात, कधी थांबत नाहीत.

पाच दिवसांपूर्वी, गुरुवारी, गंगेला पूर आला. गोजरबाईच्या गावी, शहागडला, खालच्या आळीत पाणी शिरलं, असं एक जण सांगतो. खालची आळी राहिलीच नाही, असं दुसरा सांगतो. अंबडच्या पुढे रस्ता खचला आहे, म्हणून तिसरा कुणी येऊन सांगत नाही. आणि तीन दिवसांनी, येत्या जुम्म्याला, जालन्याची दंगल.

ओसरीवर सकाळपासून तेच चाललं होतं. दाराआड पोरीला मांडीवर घेऊन उषा ऐकत होती. ऐकायची तिला खोडच होती, पुण्याला कॉलेजात असताना वसतिगृहाच्या जिन्यातली पावलं ऐकून ती कोण आलं ते सांगायची, मैत्रिणी हसायच्या... आणि आता पोरीचा श्वास, दुधाचा घोट, कडीचा आवाज, सगळं ऐकते. एक पाटा घासल्याचा तेवढा ऐकला नाही.

"पाणी शहागडात आलं, जालन्यात न्हाई," हा काकासाहेबांचा आवाज. जुन्या जालन्यात त्यांची धान्याची आडत, आणि दंगलीचे ते अध्यक्ष. "कोल्हापूरचा गडी परवाच टेसनात उतरला. त्याला काय सांगू? बाबा रे, आमच्याकडं दुखवटा हाय, दूध पी अन् माघारी जा?"

"दूध तर तो पिऊनच राह्यला," जालन्याच्या तालमीचे म्हातारे उस्ताद ख्वाजामियाँ म्हणाले. "आज सकाळी तीन शेर."

हसू फुटलं आणि लगेच विझलं, कुणीतरी पायानं विझवल्यासारखं.

"पस्तीस मैलांवर माणसं झाडावर बसून आहेत, काकासाहेब," बद्रीनाथ म्हणाले. "आणि आपण हलगी वाजवायची?"

"हलगी न वाजवल्यानं ती खाली उतरणार हैत का, वकीलसाहेब? दोन गाड्या जवारी मी धाडली. अंबडात उभ्या हायेत. रस्ताच न्हाई तर मी काय करू? अन् मातीचं काय? मातीला हळद लागली परवा. उस्ताद, तुम्हीच सांगा, हळद लागलेली माती कोरी ठेवायचा रिवाज हाय का?"

नव्हता. उषालाही ते ठाऊक होतं, या घरात आल्यावर कळलेलं. आखाड्याची माती चाळून, ताक-तेल-लिंबू घालून आठ दिवस मुरवायची. मग तिला हळद लावून पूजा. आणि एकदा हळद लागली की नवव्या दिवसाच्या आत तिच्यावर कुस्ती झालीच पाहिजे. तोवर पैलवानाशिवाय कुणाचा पाय नको, बाईचा तर हातही नको. मांडवात बसवलेली नवरी आहे ती, असं ख्वाजामियाँच म्हणायचे.

आज नुसता पानाचा डबा उघडल्याचा आवाज. मग —

"मी काय बोलू, काकासाहेब? मोठी कुस्ती माझ्या अजमतची हाय. दोन साल झाले, पोरानं दुसरं काही केलं न्हाई. हो म्हणलो तर पोरासाठी म्हणलो. नको म्हणलो तर कोल्हापूरवाल्याला भिऊन म्हणलो." डबा मिटला. "पर ती माती शहागडची हाय. पुंजारामच्या गाडीतून आल्ती. तेवढं ध्यानात असू द्या."

 दाराआड उषानं पोरीला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

पुंजाराम म्हणजे गोजरबाईचा नवरा. गंगेकाठची मऊ मळई दरवर्षी तोच आणायचा, गावच्या तांबड्या मातीत मिसळायला. दोन दिवस गाडी चालायची. यंदा पोळ्याच्या आधी गाडी इथं दाराशी थांबली तेव्हा गोजरबाई पदर खोचून धावत गेली, तालमीत पोचायच्या आधी, हळद लागायच्या आधी, आणि चाकावर पाय देऊन एक मूठ उचलून घेतली. "पोरीच्या पाठीला लावायची. रोज चिमूटभर, दुधात कालवून."

"माती? अहो, धनुर्वात होईल!" उषा म्हणाली होती. तिच्याकडे बालसंगोपनाचं पुस्तक होतं, पुण्याहून मागवलेलं, पान दुमडून ठेवलेलं.

"काही होत न्हाई. पैलवान लोळतात त्यांना होतो का? पोरांनाच लावायची म्हणतात. मी म्हणते, पोरीलाच जास्ती लागती." आणि ढेकळाचा गोळा करून, चार बोटांनी दाबून, तिनं तो कोनाड्यात ठेवला. उषानं हात लावला नाही. मग माती तालमीत उतरवून पुंजाराम परत आला, आणि त्या रिकाम्या गाडीत बसून गोजरबाई शहागडला गेली. पोळ्याला म्हणून. लेकीजवळ राहते म्हणून. मांडी घालून, पाठ इकडे करून बसली होती. वळून पाहिलं का तिनं? पाहिलं. नाही, ते पोरीला पाहिलं...

बद्रीनाथ आत आले. हातात शिळाप्रेसचे दोन पिवळे कागद आणि ती चिकट शाई. गावात मराठी टाइप नव्हता. दंगलीचं पत्रक दरवर्षी उषाच लिहायची, वर मराठी, खाली ख्वाजामियाँची उर्दू, आणि ते जसंच्या तसं दगडावर उतरायचं. खोडता येत नसे. मग गाड्यांतून, टपालातून, बाजारच्या दिवशी गावोगाव जायचं.

"दोन्ही लिहून ठेव," ते म्हणाले.

"दोन्ही म्हणजे?"

"एक, होणार. एक, तहकूब. इथं दोघं हो म्हणतात, दोघं नाही. दुपारच्या नमाजानंतर सगळे पंच बसतील. जे ठरेल ते छापायचं. पण प्रेसवाल्याला कागद बाराच्या आत हवाय, आधी तयार करून ठेवतो म्हणतो."

"गोजरबाईची चौकशी करायला लिहिलं होतं, त्या अंबडच्या वकिलांचं पत्र?"

"नाही आलं." त्यांनी पोरीच्या टाळूवर हात ठेवला. "येईल. गोजरबाई चिवट आहेत गं. चार पूर पाहिलेत त्यांनी."

त्यांना ठाऊक नव्हतं. कोठीचं, नंदाचं, 'दंगल होऊन जाऊ द्या'चं... यातलं काहीच तिनं सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड उघडायची आणि दुसरंच काही विचारायची — दिवाबत्तीला तेल आहे का, वरण कसलं करू.

ते गेले. पाट ओढून ती बसली आणि पहिल्या कागदावर लिहू लागली, हात आपोआप चालला: तमाम कुस्तीशौकीन मंडळींस कळविण्यात येते की सालाबादप्रमाणे यंदाही... अक्षर वळणदार उतरत होतं, वेलांट्या गोल, मात्रा सरळ. पाच मिनिटांत पुरं झालं. इतकं लवकर. शाईवर फुंकर घालताना तिच्या लक्षात आलं की तिला बरं वाटतं आहे, आणि ती दचकली.

बरं का वाटावं?

कारण दंगल झाली, तर कोठी लागणारच होती. पोती खरीच होती, वीस पानं खरी होती, तिनं 'मग आणा' म्हटलं त्याला काही कारण होतं — संसारी बाईचं, अडचणीचं, कुणीही समजून घेईल असं. पण दंगल तहकूब झाली तर? तर गहू परत जाईल, तूप परत जाईल, आणि शुक्रवारी मागची कोठी रिकामी असेल. चार हात लांब, तीन हात रुंद, एका बाईला पाय पसरून पडायला पुरेल एवढी, रिकामी. मग तिनं गोजरबाईला कशासाठी थांबवलं?... पाच दिवस ओसरीवरचं बोलणं ती ऐकते आहे, काकासाहेबांचा आवाज चढला की आत कुठंतरी हायसं होतं आहे. माणसं झाडावर बसली आहेत, आणि मी दाराआड उभी राहून मनातल्या मनात म्हणते आहे — वाजवा, हलगी वाजवा. मी. जिला पोरीच्या शिंकेनं रात्रभर झोप येत नाही, ती मी.

आणि नाशिकचा पाऊस. तोही तिनं वाचला होता. पुण्याहून टपालानं येणारा अंक, दोन दिवस शिळा. पोरीला पाजता पाजता तिनं ती बातमी वाचली होती, नाशकात मुसळधार, आणि पान उलटलं होतं. मुंग्यांचं नको म्हणाली ना ती? मग तिचं स्वतःचं, पुस्तकातलं, शिकलेलं तरी तिनं कुठं ऐकलं.

पोरगी रडू लागली. न्हाण्याची वेळ झाली होती. गोजरबाई गेल्यापासून उषा तिला तांब्याच्या परातीत बसवून, ओल्या फडक्यानं पुसून काढायची, कारण ते पायांवर घेणं तिला जमत नसे. दोन नडग्यांच्या मधल्या त्या अरुंद खाचेत एवढंसं अंग, तेलानं निसटतं, आणि खाली दगड... "पाय गच धरू नका, उषाबाई. पाय सैल सोडले की लेकरू बसतं. तुम्ही घाबरल्या की त्याला कळतं."

आज ती मोरीत पाटावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन, पाय लांब करून. कोनाड्यातून ढेकूळ काढून आणलं होतं. ज्या बाजूला बोटं नव्हती त्या बाजूनं नखानं खरवडून चिमूटभर काढली, वाटीतल्या दुधात कालवली. वास आला — ओल्या पावसाचा नाही, काहीतरी थंड, शेवाळी, विहिरीत वाकून पाहिल्यावर येतो तसा. पोरीच्या पाठीवर कुठं ओरखडा नाही ना, ते तिनं पाहिलं. परत पाहिलं. मानेच्या वळीत, काखेत, तिसऱ्यांदा. मग पालथं घेतलं.

पोरगी किंचाळली. उषाचे पाय लाकडासारखे झाले. सैल... सैल सोडायचे. तिनं श्वास सोडला आणि तळव्यानं पाठीवरून माती फिरवली, मानेपासून खाली, दोन्हीकडे, जशी तिच्या पाठीवर फिरायची तशी, आणि तोंडानं काय म्हणायचं ते आठवेना म्हणून जे आलं ते म्हणत राहिली, गंगा आली, पाठीवरून गेली, गंगा आली, पाठीवरून... आणि आपण काय म्हणतो आहोत ते कळलं तशी थांबली. पण पोरगी गप्प झाली होती. नडग्यांच्या खाचेत तिचं पोट गरम, जड बसलं होतं. एक हुंदका, मग उसासा, आणि मग उषाच्या पायांवरून ऊन धार वाहिली.

"अगं लबाडे," उषा म्हणाली, आणि रडू लागली. पाणी ओतायचं राहिलं. करड्या ओघळांनी भरलेली ती इवलीशी पाठ वर-खाली होत होती. तालमीतल्या त्या हळद लागलेल्या मातीला बाईचा हात चालत नाही. आणि हीच ती माती, एकाच गाडीतली, एकाच काठावरची — तिथला काठ आता असेल का? — आणि ती सगळी, जेवढी म्हणून वाचली तेवढी, आता जालन्यात. आखाड्यात गाडीभर, आणि इथं चिमूटभर, माझ्या पोरीच्या पाठीवर.

दुसरा कागद अडला. तमाम कुस्तीशौकीन मंडळींस कळविण्यात येते की शहागड व आसपासच्या गावी गंगेला पूर येऊन — गंगेला, असंच लिहिलं गेलं, गोदावरी नाही, आणि खोडता येत नव्हतं. पूर येऊन काय? 'हानी झाल्यामुळे'? 'प्राणहानी'? लिहिलं की ती झालीच, असं काहीतरी तिच्या हाताला वाटत होतं. हात उचललेलाच राहिला. शेवटी 'पूर आल्यामुळे' एवढंच लिहून तिनं वाक्य संपवलं.

साडेअकराला ख्वाजामियाँ कागद न्यायला आले. ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. दाराआडून तिनं कागद पुढे केले, त्यांनी घेतले, पण निघाले नाहीत.

"बेटी, अजमत गेला."

"कुठं?"

"शहागडाला. फजरच्या नमाजाआधीच. तालमीतली चार पोरं संगं. चढायचा दोर असतो ना टांगलेला, तो सोडून नेला. मला म्हणला, अब्बा, जुम्म्याला आलो तर लढतो. न्हाई आलो तर कोल्हापूरवाल्याला म्हणा, दूध आमच्याकडनं." ते हसले, की खोकले. "मघाशी पंचांसमोर हे बोललो न्हाई मी. म्हणलं, आधी ठरू द्या त्यांचं. पोरगं गेलं म्हणून दंगल मोडली, असं नको व्हायला. अन् आता वाटून राह्यलं, बोलायला पायजे होतं."

उषा दाराची कडी धरून उभी होती. म्हणजे यांनीही दाबून ठेवलं होतं, तिच्यासारखंच, सकाळपासून, त्या पानाच्या डब्याखाली.

"उस्ताद, तो पुंजारामच्या घरी जाईल ना?"

"घर त्याला कुठं ठावं? मलाच न्हाई. पुंजाराम गाडी घिऊन येतो, माती उतरवतो, जातो. आपण कधी गेलो त्याच्या घरी?"

तीही नाही. चार महिने त्या बाईच्या हातांनी तिला पुन्हा उभं केलं होतं, आणि तिला आळी ठाऊक नव्हती, दार ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते असलंच काहीबाही — तेल लावताना जिभेनं दात चाचपते, मिश्री लावते, गोदावरी म्हणत नाही.

"ते कागद जरा द्या इकडे," ती म्हणाली. "एक ओळ राहिली."

पाटावर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले. होणार. तहकूब. दोन्हींच्या तळाशी, उर्दूसाठी सोडलेल्या जागेच्या वर, तिनं एकसारखं लिहिलं. अक्षर वळणदार आलं नाही.

"काय लिवलं, बेटी?" बाहेरून ख्वाजामियाँ म्हणाले. "मला मराठी वाचता येत न्हाई. वाचून दाखव, मंग मी उर्दूत उतारतो."

"पंचांना चालेल की नाही, ठाऊक नाही."

"दगडावर चढलं की खोडता येत न्हाई," ते म्हणाले. "तू वाच."

वाचायचं म्हणजे तोंडानं म्हणायचं. तिनं पोरीला खांद्यावर घेतलं. मानेशी अजून त्या मातीचा वास होता. कोणता कागद छापला जाईल, हे आता तिला कळून घ्यायचं नव्हतं. त्या दोन कागदांत ती सकाळपासून लपत होती आणि तिथं आता जागा उरली नव्हती. तिनं वाचायला सुरुवात केली, आधी हळू, मग कागदावर नव्हतं तेही —

हे पत्रक तुमच्या हाती पडेल तेव्हा दंगल होणार असेल किंवा नसेल. तुम्ही अंबडाकडचे असाल, रस्ता उघडल्यावर त्या बाजूला जाणारे असाल, तर शहागडात पुंजाराम गाडीवान यांचं घर विचारा. त्यांची बायको गोजरबाई, पन्नाशीची, बोटं जाड, बोलते फार. संगं लेक नंदा, दिवस भरत आलेले. तिनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. गव्हाची पोती आजच माजघरात घेते आहे, मागची कोठी मोकळी आहे. तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. पण जाल तेव्हा गंगेच्या कडेनं जा, झाडांवरही बघा, आणि गोजरबाई म्हणून एक हाक मारा. तेवढी ती कशी आहे, बघून या.